मनाचा पूर आणि मनाचा दुष्काळ



आपण गंगाखेडची माणसे. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. गंगेचा पूर आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला, जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले, की गंगा दुथडी भरून येते. पाऊस रुसला की त्याच पात्रातली वाळू उघडी पडते. नदी एकच. पूरही तिचाच आणि कोरडही तिचीच.

काही माणसांच्या मनाचे असेच होते. काही दिवस मनाला पूर येतो. काही दिवस मनात दुष्काळ पडतो. हा स्वभाव नव्हे. हा आजार आहे. त्याला औषध आहे. पण औषध मिळण्याआधी आजार ओळखावा लागतो. तो ओळखायचा कसा, हे आजच्या पाठात आपण शिकू.

नाव काय?

डॉक्टर या आजाराला ‘बायपोलर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘द्विध्रुवीय विकार’ असे नाव आहे. नाव अवघड वाटते, पण अर्थ सोपा आहे. द्वि म्हणजे दोन. ध्रुव म्हणजे टोक. दोन टोकांचा आजार. एका टोकाला उन्माद, म्हणजे पूर. दुसऱ्या टोकाला उदासी, म्हणजे दुष्काळ.

हा आजार फार दुर्मिळ नाही. २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी लोकांना तो होता, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. आपल्या देशात २०१५-१६ साली मनाच्या आजारांची मोठी पाहणी झाली. तीत असे दिसले, की हजार मोठ्या माणसांत सुमारे पाच जणांना हा आजार आयुष्यात कधी ना कधी होतो. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात अशी काही माणसे असणारच. ती बायकाही असतात आणि पुरुषही. गरीब असतात आणि श्रीमंतही. बहुधा हा आजार ऐन उमेदीत सुरू होतो. मुलगा कॉलेजात असतो, किंवा मुलगी नुकतीच सासरी गेलेली असते, अशा वयात.

पुराचे दिवस

समजा, एका गावात एक शेतकरी आहे. वय तीस. माणूस शांत. कामापुरते बोलणारा. एके वर्षी दिवाळीनंतर त्याच्यात फरक पडला. तो रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या मारू लागला. बायको म्हणाली, “अहो, दोन वाजलेत. झोपा की जरा.”

तो म्हणाला, “झोप कशाला पाहिजे? अंगात दहा बैलांचं बळ आलंय. औंदा बघच तू. दोन बोअर पाडतो, ट्रॅक्टर घेतो, मोंढ्यात दुकान टाकतो!”

थोरला भाऊ समजवायला आला. “काय करायलास हे? पैसा कुठून आणणार?” एवढे विचारताच तो भावाच्या अंगावर धावून गेला. मग त्याने सोयाबीन मिळेल त्या भावाने विकले. गावाला जेवण घातले. अनोळखी माणसांना उसने पैसे वाटले. बोलणे इतके भरभर, की एक गोष्ट पुरी होण्याआधी दुसरी सुरू. शेवटी तो म्हणू लागला, “मला देवानंच निवडलंय. माझ्या हातानं सारा तालुका सुधारणार.”

ही पुराची लक्षणे आहेत. ती नीट लक्षात ठेवा.

१. झोप कमी होते, आणि तरीही थकवा येत नाही.
२. बोलणे फार वाढते. दुसऱ्याला बोलू देत नाही.
३. डोक्यात विचार धावतात. एका कामावर चित्त ठरत नाही.
४. आपण फार मोठे, फार बलवान आहोत असे वाटते.
५. पैसा उधळला जातो. नको ते सौदे, नको ती उधारी होते.
६. आनंद ओसंडून वाहतो, नाहीतर जराशा अडवण्यानेही भयंकर राग येतो.
७. लाज आणि भीती सुटते. भरधाव गाडी चालवणे, दारू, परक्याशी नको तो संबंध, असे घडते.

असे काही तास झाले तर तो आजार म्हणू नये. मूळ स्वभावापेक्षा वेगळे वागणे आठवडाभर टिकले, त्याने संसाराला धक्का बसू लागला, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. काहींचा पूर सौम्य असतो. चार-पाच दिवस माणूस जास्त उत्साही, जास्त बोलका दिसतो. घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. उलट ते खूष होतात.

दुष्काळाचे दिवस

आता त्याच शेतकऱ्याचे पुढचे पाहू. पूर दीड महिन्याने ओसरला. चैत्र आला, आणि तो अंथरुणाला खिळला. अंगात ताप नाही, जखम नाही. पण उठवत नाही. जेवण गोड लागत नाही. लेकरू मांडीवर येऊन बसले तरी त्याला बरे वाटत नाही. “मी सगळं घालवलं. माझ्यासारखा नालायक कुणी नाही,” एवढेच तो पुटपुटतो.

दुष्काळाची लक्षणे अशी असतात.

१. दिवसभर मन उदास. कशातच गोडी नाही.
२. झोप लागत नाही, पहाटेच जाग येते. काही जण उलट सारखे झोपतात.
३. भूक मरते, वजन घटते. काहींची भूक वाढते.
४. अंग जड होते. आंघोळ करणेही डोंगराएवढे वाटते.
५. लक्ष लागत नाही. साधा निर्णय घेता येत नाही.
६. आपण निरुपयोगी, आपण पापी, असे वाटत राहते.
७. मरणाचे विचार येतात.

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ असे राहिले, तर हा आळस नव्हे. ‘उठ, कामाला लाग’ असे ओरडून तो जात नाही. पाय मोडलेल्याला ‘पळ’ म्हणण्यासारखेच ते आहे.

मुख्य गोष्ट

आता या पाठातली मुख्य गोष्ट ऐका. पूर आणि दुष्काळ यांच्या मध्ये चांगले दिवस असतात. कधी काही महिने, कधी काही वर्षे. त्या काळात माणूस अगदी नीट वागतो. म्हणून घरचे लोक दोन्ही टोकांची गाठ मारत नाहीत. पूर आला तेव्हा ते म्हणतात, ‘पोराला उमेद आली’, किंवा ‘अंगात आलं’. दुष्काळ पडला तेव्हा म्हणतात, ‘आळशी झाला’, किंवा ‘कुणी करणी केली’. एकाच आजाराची अशी दोन वेगळी नावे पडतात.

याचा तोटा दवाखान्यात होतो. माणूस बहुधा दुष्काळात डॉक्टरांकडे जातो. पुरात त्याला स्वतःला आजारी वाटतच नाही. मग डॉक्टरांना फक्त उदासी कळते, आणि ते उदासीचे औषध देतात. या आजारात नुसते उदासीचे औषध दिले, तर काहींना पुन्हा पूर येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण होऊन सांगा, “डॉक्टरसाहेब, दिवाळीत याची झोप उडाली होती, हा फार बोलत होता, पैसे उधळत होता.” एवढ्या एका वाक्याने उपचार बदलू शकतो.

घाईने नाव ठेवू नका

प्रत्येक आनंद हा उन्माद नव्हे. पाऊस चांगला झाला, कापसाला भाव आला, घरी लेकरू झाले, तर माणूस नाचेल. तो निरोगी आनंद आहे. घरात मयत झाली तर माणूस रडेल. ते निरोगी दुःख आहे. आपले गाव संत जनाबाईंचे. इथे एकादशीला रात्रभर भजन चालते, नवरात्रात जागर होतो. जागराला बसणे हा आजार नव्हे. फरक असा आहे. जागरानंतर दुसऱ्या दिवशी आपले डोळे मिटतात, अंग झोप मागते. पुरातल्या माणसाचे अंग झोप मागतच नाही. तो तिसऱ्या रात्रीही तरतरीत असतो.

दारू, गांजा, काही औषधे, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा बिघाड, यांनीही अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून शेवटचा निकाल डॉक्टरांनीच तपासून द्यायचा. आपण फक्त खूण ओळखायची आणि दवाखान्याची वाट धरायची.

कारण काय?

मेंदूचे काम बिघडल्याने हा आजार होतो. काही घराण्यांत तो पिढ्यांतून येतो. पण आईला किंवा बापाला आजार असला, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. मोठा धक्का, सलग जागरणे, व्यसन, बाळंतपण, यांनी दबलेला आजार वर येऊ शकतो. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बाळंतीण झोपेनाशी झाली, भलतेच बोलू लागली, तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. तिला आणि बाळाला एकटे ठेवू नका.

हा आजार भुताने होत नाही. करणीने होत नाही. आईच्या लाडाने होत नाही. आणखी एक समज गावोगाव आहे. ‘लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल.’ लग्न हे औषध नव्हे. आजार लपवून लग्न केले, तर दोन घरांचे नुकसान होते. आजार आटोक्यात आणून, खरे सांगून केलेले लग्न मात्र चांगले टिकू शकते.

औषधाची गोष्ट

ऑस्ट्रेलिया देशात जॉन केड नावाचे डॉक्टर होते. ते मनोरुग्णांच्या इस्पितळात काम करीत. लिथियम नावाचे एक खनिज आहे. त्याचा क्षार मिठासारखा असतो. तो दिल्याने उन्माद शांत होतो, हे केड यांनी १९४९ साली जगाला दाखवून दिले. त्यांचा पहिला रोगी अनेक वर्षे उन्मादात होता. औषधाने तो इतका सुधारला, की घरी गेला, कामाला लागला. पण पुढे त्याने औषध सोडले. आजार परत आला. पुन्हा औषध सुरू केले, तेव्हा ते शरीरात जास्त झाले. त्या विषबाधेने १९५० साली तो वारला. त्या काळी रक्तातले लिथियम मोजण्याची रीत नव्हती. आज ती आहे.

या एका माणसाच्या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला, बरे वाटले म्हणून औषध सोडू नये. बरे वाटते ते औषधामुळेच. दुसरा, लिथियम घेणाऱ्याने डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावे. मूत्रपिंड आणि थायरॉईड यांचीही तपासणी करावी.

आपल्याकडच्या उन्हात आणखी जपावे लागते. वैशाखात शेतात घाम गळतो. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले, की रक्तातले लिथियम वाढते. म्हणून लिथियम घेणाऱ्याने भरपूर पाणी प्यावे. जेवणातले मीठ एकाएकी बंद करू नये. निर्जळी उपवास करू नये. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, हात जोराने थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी तातडीने डॉक्टर गाठावा.

लिथियमखेरीज दुसरीही औषधे आहेत. त्यांतली काही गरोदरपणी बाळाला घातक ठरतात. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर बाईने आधीच डॉक्टरांना सांगावे. आपल्या मनाने औषध बंद मात्र करू नये.

तुमची वही

तुम्हाला आता लिहिता येते. ही विद्या या आजारात फार मोलाची आहे. डॉक्टर महिन्यातून एकदा रोग्याला पाहतात. घरचे रोज पाहतात. पण घरचे विसरतात. वही विसरत नाही. एक साधी वही घ्या. रोज रात्री चार गोष्टी लिहा. झोप किती तास, मन कसे, खर्च काही वेगळा झाला का, गोळी घेतली का. नमुना असा :

सोमवार. झोप ७ तास. मन बरोबर. गोळी घेतली.
मंगळवार. झोप ५ तास. बोलणे जास्त. गोळी घेतली.
बुधवार. झोप ३ तास. तरी थकवा नाही. चिडचिड. गोळी विसरली.
गुरुवार. झोप ३ तास. दोन हजारांची उधारी केली.

हे वाचून काय कळते? झोप घटत चालली. पूर चढू लागला आहे. गावात पाणी शिरल्यावर धावण्यापेक्षा, काठावर पाणी वाढताना हलावे हे शहाणपण. या घराने बुधवारीच डॉक्टरांना कळवायला हवे होते. ही वही रोग्यानेही लिहावी आणि घरच्यांनीही. दवाखान्यात जाताना ती बरोबर न्यावी.

घरच्यांनी काय करावे?

पुराच्या दिवसांत वाद घालू नका. ‘तू वेडा झालास’ म्हणू नका. हळू आवाजात बोला. घरात गर्दी, गोंगाट कमी करा. रात्री दिवा लवकर मालवा. बँकेचे पुस्तक, सातबाऱ्याचे कागद, गाडीची किल्ली, ही कुणा विश्वासू माणसाकडे ठेवा. त्याबद्दल माणूस बरा असतानाच त्याच्याशी बोलून ठरवा, म्हणजे त्याचा मान राहतो.

दुष्काळाच्या दिवसांत त्याच्याजवळ बसा. उपदेश कमी करा. दोन घास भरवा, चार पावले बरोबर चाला. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाही. उलट माणसाला मन मोकळे करता येते. तो हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. पिकावर फवारायचे औषध कुलपात ठेवा, किंवा शेजाऱ्याच्या घरी ठेवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रसंग बिकट असेल तर १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

हा सारा भार बहुधा घरातल्या एका बाईवर पडतो. आईवर किंवा बायकोवर. तिलाही झोप आणि विसावा पाहिजे. भावांनी, दिरांनी पाळी वाटून घ्यावी.

कायदा आपल्या बाजूने आहे

भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा तसे सांगतो. देशाचा मानसिक आरोग्य कायदा २०१७ साली झाला. त्याप्रमाणे मनोरुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी आहे. सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस मोठ्या ताणाखाली होता असे धरून, सरकारने त्याची काळजी घ्यावी, असेही त्यात लिहिले आहे.

कुठे जावे? आधी गंगाखेडच्या सरकारी रुग्णालयात विचारा. मनाच्या आजाराचे डॉक्टर परभणीच्या जिल्हा रुग्णालयाकडे मिळू शकतात. परळीवरून पुढे अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. घरबसल्या सल्ला हवा असेल तर १४४१६ हा नंबर फिरवा. सरकारची ही ‘टेली-मानस’ सेवा २०२२ साली सुरू झाली. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. रात्रीही बोलता येते.

आजार असून उभे राहता येते

मुंबईच्या लेखिका अपर्णा पिरामल राजे मोठ्या उद्योगाच्या घराण्यातल्या. त्यांना हाच आजार आहे. त्यांनी तो लपवला नाही. २०२२ साली ‘केमिकल खिचडी’ नावाचे पुस्तक इंग्रजीत लिहून त्यांनी आपले अनुभव सर्वांपुढे मांडले. औषध, घरच्यांची साथ, आपले काम आणि स्वतःची काळजी, अशा अनेक गोष्टी एकत्र शिजल्या म्हणजे माणूस सावरतो, हे त्या सांगतात.

कुणी म्हणेल, ‘त्या श्रीमंत. आमचे काय?’ खरे आहे. सोय सारखी नाही. गोळीसाठी मजुरी बुडवून परभणीला जावे लागते, हे आम्हांला ठाऊक आहे. पण आजार दोघांचा एक, आणि उपचाराची रीतही एक. लपवण्याने आजार वाढतो. वेळेवर औषध, वेळेवर झोप आणि जवळचे एक समजूतदार माणूस, एवढे असले तर शेतकरी पुन्हा शेत करतो, बाई पुन्हा संसार करते, पोर पुन्हा शाळेत जाते.

आपण पूर थांबवू शकत नाही. पण पाणी चढताना पाहिले तर गुरेढोरे, धान्य, लेकरे वर नेऊ शकतो. मनाच्या पुराचेही तसेच आहे. पाहायला शिका. लिहून ठेवा. वेळेवर हला.

अभ्यास

१. पुराची कोणतीही चार लक्षणे आपल्या वहीत लिहा.
२. दुष्काळाची कोणतीही चार लक्षणे लिहा.
३. जागराला बसलेला माणूस आणि उन्मादातला माणूस यांच्या झोपेत काय फरक असतो?
४. डॉक्टरांना पूर आणि दुष्काळ दोन्ही का सांगावे?
५. लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात काय जपावे?
६. १४४१६ आणि १०८ हे नंबर मोठ्या अक्षरात लिहून घराच्या भिंतीवर लावा. ज्याला वाचता येत नाही, अशा एका शेजाऱ्याला हा पाठ वाचून दाखवा.